तडजोडीचे गणित आणि निवडीचा अधिकार

ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर संततधार लागलेली असते, तेव्हा कोणत्याही मोठ्या धरणावरील अभियंत्यापुढे एकच प्रश्न दोन तोंडांनी उभा राहतो. दरवाजे आताच उघडावेत तर पुढे धरण भरेल याची खात्री नसते. न उघडावेत तर उद्याच्या पावसाला जागा उरत नाही. साठविलेले पाणी म्हणजे उन्हाळ्यातील वीज आणि रब्बीचे पीक. रिकामी राखलेली जागा म्हणजे नदीकाठच्या गावांची सुरक्षितता. दोन्ही हवे असते आणि दोन्ही पुरेपूर मिळणे शक्य नसते. २००५ साली आणि पुन्हा २०१९ साली सांगली-कोल्हापूरच्या परिसराने महापुराचा अनुभव घेतला. दोन्ही वेळा वाद पेटला तो कोणत्या धरणातून किती विसर्ग झाला आणि केव्हा झाला यावर. तो वाद आवश्यक आहेच. परंतु त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न क्वचितच विचारला जातो : वीज, सिंचन आणि पूरसुरक्षा यांना परस्परांच्या तुलनेत किती मोल द्यायचे, हे मुळात कोणी ठरविले होते?

कोयनेचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. सुमारे १०५ अब्ज घनफूट क्षमतेच्या शिवसागर जलाशयातील पाण्याला दोन वाटा आहेत. पश्चिमेच्या वाटेने ते बोगद्यांतून सह्याद्रीच्या कड्याखाली उतरते, वीज निर्माण करते आणि वाशिष्ठी नदीतून अरबी समुद्राला मिळते. पूर्वेच्या वाटेने ते कऱ्हाडला कृष्णेत येते आणि पुढे टेंभू-ताकारीसारख्या उपसा योजनांतून दुष्काळी तालुक्यांकडे चढविले जाते. पश्चिमेकडे गेलेला प्रत्येक घनफूट उंच कड्यावरून पडत असल्यामुळे कितीतरी अधिक वीज देतो. पण कृष्णेच्या खोऱ्याला तो कायमचा पारखा होतो. पूर्वेकडे सोडलेले पाणी शेते भिजविते. पण त्यापासून वीज थोडीच मिळते आणि ते उपसण्यासाठी पुन्हा वीजच खर्ची पडते. पश्चिमेकडे वळविण्याच्या पाण्यावर कृष्णा पाणीतंटा लवादाची वार्षिक मर्यादा आहे. पूर्वेच्या वाटेवर पुढे सांगली आहे. पश्चिमेच्या वाटेवर २०२१ च्या जुलैत पुराने बुडालेले चिपळूण आहे. एका भिंतीआड अडविलेल्या पाण्यावर असे पाच-सहा न्याय्य हक्क एकाच वेळी उभे आहेत, आणि त्यांतील एकही खोटा नाही.

एकाच तराजूचा मोह

अशा पेचातून सुटण्याचा रूढ मार्ग म्हणजे सर्व उद्दिष्टांना एकाच मापात बसविणे. विजेच्या युनिटाला अमुक रुपये, भिजलेल्या हेक्टरला तमुक रुपये, पुराच्या संभाव्य हानीला अमुक रुपये. मग बेरीज-वजाबाकी करून जो आकडा सर्वांत मोठा येईल तो मार्ग श्रेष्ठ. अमेरिकेच्या १९३६ च्या पूरनियंत्रण कायद्याने प्रकल्पाचे लाभ, ते कोणाच्याही पदरात पडोत, खर्चाहून अधिक असले पाहिजेत अशी कसोटी घातली आणि ही लाभ-खर्चाची रीत पुढे जगभर रूढ झाली. तिचा हेतू वाईट नव्हता. मर्जीतील मतदारसंघात धरणे बांधण्याच्या प्रवृत्तीला आकड्यांचा लगाम घालावा, हा तो हेतू होता. पण तिच्यात एक खोट राहून गेली. रुपयांचे हे भाव, म्हणजेच प्रत्येक उद्दिष्टाला दिलेले वजन, गणित मांडण्यापूर्वीच ठरवावे लागते. कोणत्या वजनाने काय पदरात पडेल आणि काय गमवावे लागेल हे ज्याला अद्याप दिसलेले नाही, त्यानेच ते वजन ठरवायचे! त्यातून निघालेले उत्तर ‘शास्त्रीय’ म्हणून पुढे येते आणि त्याच्या पोटात दडलेला मूल्यनिर्णय कोणाच्याही नजरेस पडत नाही.

ही खोट अमेरिकेतच प्रथम ओळखली गेली. हार्वर्ड विद्यापीठातील आर्थर मास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ साली जलप्रकल्पांच्या रचनेवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात अभियंते, अर्थशास्त्रज्ञ आणि राज्यशास्त्रज्ञ एकत्र आले होते. सार्वजनिक प्रकल्पाची उद्दिष्टे एकाहून अधिक असतात आणि त्यांच्यातील देवघेवीचे प्रमाण लोकशाहीतील राजकीय प्रक्रियेतूनच ठरले पाहिजे, हे मास यांनी पुढे आग्रहाने मांडले. विचार योग्य होता. पण निरनिराळ्या देवघेवी राजकीय प्रक्रियेपुढे समग्रपणे मांडण्याचे साधन त्या काळी हाताशी नव्हते.

त्या साधनाची तात्त्विक बैठक मात्र जुनी आहे. इटालियन अर्थशास्त्रज्ञ विल्फ्रेदो पारेतो यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दिलेला विचार एका घरगुती दाखल्याने समजण्यासारखा आहे. मुंबईत भाड्याचे घर शोधणाऱ्याला भाडे कमी हवे असते आणि स्थानक जवळ हवे असते. एखादे घर दुसऱ्यापेक्षा महागही आणि दूरही असेल, तर ते यादीतून बिनदिक्कत खोडता येते. अशी सारी घरे खोडल्यावर जी उरतात, त्यांत मात्र एकाचे भाडे कमी तर दुसऱ्याचे अंतर कमी. एका गोष्टीत लाभ हवा तर दुसरीत तोटा सोसलाच पाहिजे. या उरलेल्या पर्यायांच्या रांगेला पारेतो सीमा म्हणतात. तिच्या आतल्या बाजूला जे आहे ते निव्वळ नुकसान. सीमेवर जे आहे ते खरी निवड. गणिताचे काम सीमा दाखविण्याचे. सीमेवर कोठे उभे राहायचे हे सांगण्याचा अधिकार गणिताला नाही.

निसर्गाकडून घेतलेली युक्ती

दोन घरांची तुलना कागदावर करता येते. धरणाच्या बाबतीत वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी, प्रत्येक पाणीपातळीसाठी आणि पावसाच्या प्रत्येक संभाव्य लहरीसाठी विसर्गाचे नियम हवेत. त्यांच्या जुळण्या मोजता येण्यापलीकडच्या. येथे जी पद्धती उपयोगी पडली, तिचे मूळ जीवशास्त्रात आहे. १९६० च्या दशकात बर्लिनमध्ये इंगो रेशनबर्ग आणि हान्स-पाउल श्वेफेल या तरुण अभियंत्यांनी यंत्रभागांच्या आकारात लहानसे, यदृच्छेने ठरविलेले बदल करावयाचे, सुधारणा झाली तर बदल ठेवावयाचा, नाही तर टाकून द्यावयाचा, असा प्रयोग चालविला. स्वतंत्रपणे, मिशिगन विद्यापीठातील जॉन हॉलंड यांनी १९७५ च्या आपल्या ग्रंथात नैसर्गिक निवड आणि गुणसूत्रांचा संकर यांचे गणिती रूप मांडले. संगणकात उत्तरांची एक वसाहतच निर्माण करावयाची, त्यांतील बऱ्या उत्तरांना संततीची संधी द्यावयाची, दोन उत्तरांचे तुकडे जोडून तिसरे घडवावयाचे, मधूनच एखादा यादृच्छिक फेरफार करावयाचा आणि हे पिढ्यान्‌पिढ्या चालू ठेवावयाचे, हे त्याचे सार. या मार्गाने निघालेली उत्तरे कधी कधी अनुभवी अभियंत्यालाही चकित करतात. २००६ साली अमेरिकेच्या ‘नासा’ने सोडलेल्या तीन छोट्या उपग्रहांवरील वेड्यावाकड्या तारेचा अँटेना याच पद्धतीने घडला होता, कोणत्याही पाठ्यपुस्तकात त्याचा आकार सापडला नसता.

बहुउद्दिष्ट प्रश्नांना ही पद्धती विशेष मानवते, त्याचे कारण उघड आहे. ती एका उत्तराचा पाठलाग करीत नाही. उत्तरांचा समुदाय सांभाळते. समुदायाचीच सीमा घडविता येते, ही शक्यता १९८५ साली डेव्हिड शॅफर यांनी दाखविली. तिला व्यवहार्य रूप देण्यात भारताचा वाटा मोठा आहे. आय.आय.टी. कानपूरमध्ये एन. श्रीनिवास आणि कल्याणमय देब यांनी १९९४ साली एक पद्धत मांडली, आणि २००२ साली देब व त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी तिची सुधारलेली आवृत्ती प्रसिद्ध केली. एन.एस.जी.ए.-दोन या नावाने ती आज जगभरच्या अभियांत्रिकी प्रयोगशाळांत परिचित आहे. तिची युक्ती दुहेरी आहे. ज्या उत्तरांवर दुसरे कोणतेही उत्तर सर्व बाबतींत वरचढ नाही, त्यांना पहिली पंगत. ती उठवल्यावर उरलेल्यांतून दुसरी. असे क्रम लावावयाचे. आणि एकाच पंगतीतील उत्तरांत जी दाटीत बसली आहेत त्यांच्यापेक्षा जी विरळ जागी आहेत त्यांना प्राधान्य द्यावयाचे, म्हणजे सीमेचा एकही पट्टा ओसाड राहात नाही. देब यांना २००५ चा भटनागर पुरस्कार मिळाला. ज्या देशात हे साधन घडले, त्या देशातील सार्वजनिक निर्णयांत ते किती वापरले जाते, हा प्रश्न यामुळेच अधिक बोचरा ठरतो.

माणसाचा हात

तरीही सीमा सापडली म्हणजे प्रश्न सुटला, असे समजणे भोळेपणाचे होईल. उद्दिष्टे दोन असतील तर सीमा ही एक रेषा असते आणि ती कागदावर काढता येते. ती पाच-सहा झाली की जवळजवळ प्रत्येक उत्तर कोणत्या ना कोणत्या बाबतीत सरस ठरते. वरचढ कोण हे ठरविणारी चाळणीच बोथट होते, आणि हजारो उत्तरांच्या ढिगापुढे निर्णय घेणारा माणूस गोंधळून जातो. म्हणून या शास्त्राची दुसरी शाखा माणसाला शोधाच्या अखेरीस नव्हे, तर शोध चालू असतानाच सहभागी करून घेते. संगणकाने काही पर्याय दाखवावयाचे. माणसाने सांगावयाचे की विजेत एवढी घट चालेल, पण पुराचा धोका याहून वाढता कामा नये. मग संगणकाने त्या दिशेने पुन्हा शोध घ्यावयाचा. संवादाची ही कल्पना जेफ्रियन, डायर आणि फाइनबर्ग यांनी १९७२ सालीच एका विद्यापीठ-विभागाच्या कारभारावर लावून पाहिली होती. फिनलंडमधील कायसा मिएत्तिनेन यांनी तिला पुढे मोठी शिस्त आणली.

या संवादाचे महत्त्व केवळ सोयीचे नाही. माणसाला आपली पसंती अगोदरपासून पूर्णपणे ठाऊक असते, हा समजच चुकीचा आहे. साडी घेण्यासाठी दुकानात शिरलेल्या बाईच्या मनातला रंग दहा साड्या उलगडल्यावर बदलतो. त्यात चंचलपणा नसतो, शिक्षण असते. न्यू मेक्सिकोतील संशोधकांनी १९९१ साली याच तत्त्वाचा उपयोग गुन्हेगारांची चित्रे काढण्यासाठी केला. साक्षीदाराला नाक कसे, डोळे कसे हे शब्दांत सांगता येत नाही. पण समोर मांडलेल्या चेहऱ्यांतून जवळचा कोणता हे तो ओळखतो, आणि त्याच्या पसंतीतून पुढच्या पिढीचे चेहरे घडतात. सार्वजनिक निर्णयांतही असेच असते. ‘पुराचा धोका किती पत्कराल?’ असे नदीकाठच्या शेतकऱ्याला विचारले तर तो काय सांगणार? पण पाच वेगवेगळे नियम आणि त्या प्रत्येकाखाली गेल्या अनेक वर्षांच्या पावसात आपल्या गावात पाणी कोठवर आले असते आणि उन्हाळ्यात कालव्याला किती दिवस पाणी मिळाले असते हे दाखविले, तर तो नेमके आणि समंजस उत्तर देईल. त्याच वेळी हेही विसरता कामा नये की माणूस थकतो. दहाव्या फेरीनंतर तो समोर आलेले काहीही पसंत करू लागतो. म्हणून पर्याय थोडे, ठळक आणि खरोखर वेगवेगळे असावे लागतात.

निवड कोणाची?

या सगळ्या शास्त्रात ‘निर्णयकर्ता’ हा शब्द नेहमी एकवचनी येतो, आणि खरी मेख तेथे आहे. कारखान्यात यंत्रभागाचे वजन आणि मजबुती यांच्यात निवड करावयाची तर निर्णयकर्ता एक असतो. लाभ त्याचा आणि तोटाही त्याचाच. धरणाच्या बाबतीत ज्याला वीज मिळते तो मुंबईत, ज्याचे शेत भिजते तो आटपाडीत आणि ज्याचे घर बुडते तो सांगलीत. सीमेवरचा प्रत्येक बिंदू म्हणजे केवळ उद्दिष्टांतील तडजोड नव्हे. ती माणसामाणसांतील वाटणी असते. अनेकांच्या पसंतीक्रमांतून सर्वांना न्याय देणारा एकच सामूहिक क्रम कोणत्याही यांत्रिक नियमाने काढता येत नाही, हे केनेथ ॲरो यांनी १९५१ सालीच सिद्ध केले आहे. तेव्हा कितीही शक्तिमान संगणक आणला तरी वाटणीचा निर्णय राजकीयच राहणार, आणि तो तसाच राहिला पाहिजे.

धोका आहे तो याच्या उलट घडण्याचा. पूर्वी ‘तज्ज्ञांनी सांगितले’ म्हणून जे झाकले जाई, ते आता ‘संगणकाने सांगितले’ म्हणून झाकले जाईल. वस्तुतः या पद्धतींना सर्वोत्तमाची हमी देता येत नाही. त्या सीमेच्या जवळ नेतात, आणि यदृच्छेचा भाग असल्यामुळे दोन वेळा चालविल्यास उत्तरे तंतोतंत सारखी येतीलच असेही नाही. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, जे उद्दिष्ट यादीत घातलेच नाही ते सीमेवर कोठेच दिसत नाही. विस्थापितांचा प्रश्न, नदीतील मासे, पात्रालगतच्या मळ्या यांचा आकडा कोणी मांडला नाही तर संगणक त्यांच्यावर अन्याय करीत नाही. त्याच्या लेखी ते अस्तित्वातच नसतात. पुराचे नुकसान सरासरीने मोजावयाचे की सर्वांत वाईट वर्षाने, एवढ्या एका तांत्रिक भासणाऱ्या निर्णयाने सीमेचा आकार पालटतो. म्हणजे अधिकार निवडीपुरता नसतो. यादी करण्याचाही असतो.

अमेरिकेतील सस्क्वेहॅना नदीवरील कोनोविंगो धरणाचा संशोधकांनी याच पद्धतींनी केलेला अभ्यास म्हणूनच उद्‌बोधक आहे. तेथे वीजनिर्मितीबरोबर बाल्टिमोरचा पाणीपुरवठा, अणुवीज केंद्राला थंड ठेवणारे पाणी, जलाशयावरील विहार आणि खालच्या प्रवाहातील मासे ही सर्व उद्दिष्टे यादीत स्वतंत्रपणे मांडण्यात आली. माशांना रुपये-डॉलरांत बसविण्याची सक्ती झाली नाही. त्यांच्यासाठी वीज किती सोडावी लागते एवढेच स्पष्ट झाले. भांडणारे पक्ष त्यामुळे एकमत होतात असे नाही. पण भांडण कशासाठी आहे हे त्यांना समजते, आणि लोकशाहीत ही थोडी कमाई नव्हे.

आक्षेप आणि उत्तरे

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, पूर येत असताना सभा भरवून पर्याय निवडता येत नाहीत. तेथे अभियंत्यालाच क्षणात निर्णय घ्यावा लागतो. हे अगदी खरे आहे. परंतु तो ज्या परिचालन आराखड्याच्या आधारे निर्णय घेतो, तो आराखडा पावसात नव्हे तर निवांत महिन्यांत तयार होतो. चर्चेची जागा तेथे आहे. किंबहुना आधी उघडपणे ठरलेला नियम अभियंत्याच्या हातातील बेडी नसून ढाल असते. पूर ओसरल्यावर त्याला एकट्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे मग कोणाला जमणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक मुरब्बी आहे. आपल्या देवघेवीचे आकडे उघड केले तर शेजारच्या राज्याच्या हाती कोलीत मिळेल, अलमट्टीच्या वादात ते आपल्याच विरुद्ध वापरले जातील, असे म्हटले जाते. पण गुप्ततेने आजवर काय साधले? आकडे झाकलेले असल्यामुळे प्रत्येक महापुरानंतर दोन्ही राज्यांत संशयालाच पुराव्याची प्रतिष्ठा मिळते. कृष्णेच्या संपूर्ण खोऱ्याची सीमा दोन्ही बाजूंनी एकत्र मांडली, तर दोघांचेही नुकसान करणारे, म्हणजे सीमेच्या आत राहिलेले, नियम तरी एकमताने टाकून देता येतील. उरलेल्यांवर भांडावे, पण निदान ज्यात कोणाचाच लाभ नाही अशा गोष्टींसाठी गावे बुडू नयेत.

तेव्हा मागणी मोठी नाही. प्रत्येक मोठ्या जलाशयाचा परिचालन आराखडा ठरविताना कोणती उद्दिष्टे विचारात घेतली आणि ती कशी मोजली, याची यादी प्रसिद्ध व्हावी, आणि तीत भर घालण्याची संधी धरणाच्या वर आणि खाली राहणाऱ्यांना मिळावी. एकच ‘योग्य’ आराखडा पुढे न करता निरनिराळ्या देवघेवींचे चार-पाच आराखडे, त्यांच्या गावनिहाय परिणामांसह, मराठीत मांडले जावेत. आणि अखेर जो निवडला जाईल तो का निवडला, काय मिळविण्यासाठी काय सोडले, हे निवडणाऱ्याने स्वतःच्या सहीने लिहून ठेवावे. यासाठी लागणारे गणित उपलब्ध आहे, संगणक उपलब्ध आहेत आणि ते चालविणारी माणसे आपल्याच अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडत आहेत. उणीव आहे ती सहीसाठी हात पुढे करण्याच्या तयारीची.

सत्ताधाऱ्यांचे आवडते वाक्य ‘दुसरा मार्गच नव्हता’ हे आहे. या शास्त्राची सर्वांत मोठी देणगी हीच की, ते वाक्य त्याने खोटे ठरविले. मार्ग नेहमीच अनेक असतात. प्रत्येकाची किंमत कोणीतरी मोजतो. ती किंमत कोण मोजणार हे पाणी दारात येण्यापूर्वी सांगितले जावे, एवढी अपेक्षा बाळगण्याचा हक्क नदीकाठच्या माणसाला निश्चितच आहे.